लाजेपायी अंगावर काढू नका : प्रोस्टेट ग्रंथी आणि वाढते वय



उसाचे एक पान पिवळे पडले तरी आपण बांधावर थांबतो, पान उलटून पाहतो, शेतकी खात्याच्या माणसाला गाठून विचारतो. हुमणी लागली, की लोह कमी पडले, की पाणी साचले, याचा छडा लागल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मात्र स्वतःच्या शरीराने एखादी खूण दाखवली, तर वर्ष वर्ष तिकडे बघायचे नाही, ही आपली जुनी रीत. त्यातून दुखणे लघवीचे असेल तर बोलायलाच नको. घरात सांगायची लाज, डॉक्टरांपुढे लाज, चारचौघांत तर नावही काढायचे नाही.

म्हणून या अंकात आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. आपल्या सभासदांत पन्नाशी ओलांडलेले पुष्कळ आहेत, आणि हा विषय त्यांतल्या प्रत्येक पुरुषाचा आहे.

लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. धार बारीक झाली. मध्येच तुटते, शेवटी थेंब थेंब पडत राहते. जाऊन आले तरी अजून राहिल्यासारखे वाटते. रात्री दोन-तीनदा उठावे लागते. यावर घरोघरी एकच उत्तर ऐकू येते, “आता वय झालं, चालायचंच.” मग माणूस त्या त्रासाभोवती आपला दिवस बसवतो. एसटीने तालुक्याला जायचे तर सकाळचा चहा टाळायचा. वार्षिक सभेला मांडवाच्या कडेची खुर्ची धरायची. पाहुण्यांकडे मुक्काम नको म्हणायचे. जिथे शेतीची वीज रात्रीच्या पाळीने येते तिथे तर दुखणे लपूनच जाते. “दारं धरायला उठायचंच असतं, तेव्हाच जाऊन येतो,” असे म्हटले की आपण पाण्यासाठी उठलो की लघवीसाठी, हे त्या माणसालाही नीट कळत नाही.

यातले ‘वय झालं’ हे बरेचसे खरे आहे. ‘चालायचंच’ हे मात्र खरे नाही. या दोहोंतला फरक उलगडून सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू.

ही ग्रंथी आहे तरी काय?

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांच्या शरीरात असणारी ग्रंथी आहे. मराठी पुस्तकांत तिला ‘अष्ठीला ग्रंथी’ किंवा ‘पुरःस्थ ग्रंथी’ म्हणतात. अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड. सुश्रुतसंहितेत लघवी अडण्याचे, म्हणजे मूत्राघाताचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘वाताष्ठीला’ या प्रकारात गुद आणि मूत्राशय यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट, उंचवट्याची गाठ होऊन लघवी व शौच अडते, असे वर्णन आहे. म्हणजे दुखणे आजकालचे नाही, आणि खतांमुळे आलेले तर नाहीच.

ओटीपोटात लघवी साठवणारी पिशवी म्हणजे मूत्राशय. त्याच्या अगदी तोंडाशी, गुदद्वाराच्या पुढच्या बाजूस ही ग्रंथी बसलेली असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन साधारण 20 ग्रॅम असते. वीर्यातला पातळ द्रव काही अंशी ही ग्रंथी तयार करते आणि वीर्य पातळ राखण्याचे काम करते. लघवी गाळणे किंवा साठवणे हे तिचे काम नाही. मग लघवीचा त्रास तिच्यामुळे का व्हावा?

तर लघवीची नळी या ग्रंथीच्या मधूनच जाते म्हणून. बांधातून पाइप काढावा तशी. बांध जागच्या जागी फुगला तर पाइप दबणारच.

वयाबरोबर काय बदलते?

लहान मुलात ही ग्रंथी बारीकशी असते. वयात येताना ती झपाट्याने वाढते आणि मग वीस-पंचवीस वर्षे जवळपास तेवढीच राहते. चाळिशीनंतर मात्र बहुतेक पुरुषांत ती पुन्हा हळूहळू वाढू लागते. साठीच्या सुमारास साधारण निम्म्या पुरुषांत, आणि ऐंशीच्या पुढे दहांपैकी आठांहून अधिक जणांत ही वाढ सापडते. म्हणजे केस पिकावेत इतकी ही नित्याची गोष्ट आहे. ही वाढ कर्करोग नव्हे, आणि तिचा पुढे कर्करोगही होत नाही.

वाढीचे मूळ पुरुषी संप्रेरकात आहे. वृषणात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे या ग्रंथीत आणखी जोरकस रूप बनते, आणि ते ग्रंथीला वाढवते. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले, अशा पुरुषांत ही वाढ होत नाही. 1974 साली डॉमिनिकन रिपब्लिक या देशातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांत हे जोरकस रूप जन्मापासून फारसे बनतच नव्हते, आणि त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहिली होती. त्या धाग्यावरून पुढे फिनास्टेराइड हे औषध निघाले, आणि 1992 मध्ये अमेरिकेत त्याला प्रोस्टेटवाढीसाठी परवानगी मिळाली.

“नसबंदी केली म्हणून हे मागं लागलं,” असे काही जुनी माणसे म्हणतात. नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी बांधतात. संप्रेरक तसेच वाहत राहते. नसबंदी न केलेल्यांचीही ग्रंथी वाढतेच. तेव्हा तो दोष तिच्या माथी मारू नये.

वाढ किती, यापेक्षा वाढ कुठे

आता मुद्द्याची गोष्ट. ग्रंथी मोठी म्हणजे त्रास मोठा, असे नसते. एखाद्याची ग्रंथी 80 ग्रॅमची होऊनही त्याला फारसा त्रास नसतो, आणि दुसऱ्याची 30 ग्रॅमची असून लघवी पार तुंबते. सोनोग्राफीच्या कागदावरचा आकडा वाचून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये, ते यासाठी.

संत्रे डोळ्यांपुढे आणा. आत फोडी आणि बाहेर साल. वयाची वाढ होते ती आतल्या भागात, नळीला लगटून. ती नळीवर किती दाब देते, यावर त्रास ठरतो. प्रोस्टेटचा कर्करोग मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या, सालीकडच्या भागात सुरू होतो. तो नळीपासून दूर असतो म्हणून सुरुवातीला लघवीला काहीच होत नाही. म्हणजे लघवीचा त्रास झाला म्हणून कर्करोगच असेल असे नाही, आणि लघवी साफ होते म्हणून तो नसेलच असेही नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची तपासणीही वेगवेगळी करावी लागते.

तुंबलेल्या पाण्याचे काय होते?

पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून मोटर चालवली तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. मूत्राशयाचेही तसेच आहे. वाट अरुंद झाली की त्याचे स्नायू जास्त जोर लावतात. जोर लावून लावून पिशवीची भिंत जाड आणि चिडखोर होते. थोडी लघवी साठली तरी ती घाई करते. म्हणून वारंवार जावे लागते. पुढे ते स्नायू थकतात. मग पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, तळाशी लघवी उरते. साठलेल्या पाण्यात शेवाळ धरावे तसा तिथे जंतूंचा संसर्ग होतो, खडे होतात.

आणि सर्वांत वाईट म्हणजे धरणाचा फुगवटा जसा मागच्या गावांपर्यंत चढतो, तसा हा फुगवटा वर मूत्रपिंडांपर्यंत चढतो. हे अगदी मुकाट्याने होते. पोटात दुखत नाही, ताप येत नाही. एक दिवस भूक मरते, पायांवर सूज येते, रक्त तपासल्यावर कळते की मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत. जो त्रास एखाद्या गोळीने आटोक्यात आला असता, तो इथवर येतो. ‘चालायचंच’ म्हणण्याची ही किंमत आहे.

आपली मोजणी आपणच करावी

त्रास किती आहे हे ठरवण्यासाठी जगभरचे डॉक्टर सात प्रश्न विचारतात. 1992 साली अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांनी तयार केलेली ही पद्धत घरी बसून करता येते. गेल्या महिनाभराचा विचार करून उत्तरे द्यावीत.

1. लघवी करून आल्यावरही पिशवी पूर्ण रिकामी झाली नाही असे किती वेळा वाटले?
2. दोन तासांच्या आत पुन्हा किती वेळा जावे लागले?
3. धार मध्येच थांबून पुन्हा सुरू होते, असे किती वेळा झाले?
4. लघवी रोखून धरणे किती वेळा कठीण गेले?
5. धार किती वेळा बारीक होती?
6. सुरू करण्यासाठी किती वेळा कुंथावे लागले?
7. रात्री झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंत लघवीसाठी किती वेळा उठावे लागले?

पहिल्या सहा प्रश्नांना गुण असे द्यावेत : कधीच नाही 0, पाचांतून एकदाही नाही इतके क्वचित 1, निम्म्याहून कमी वेळा 2, साधारण निम्म्या वेळा 3, निम्म्याहून जास्त वेळा 4, जवळजवळ प्रत्येक वेळी 5. सातव्या प्रश्नाला जितक्या वेळा उठावे लागले तितके गुण. पाच किंवा अधिक वेळा असेल तर 5. बेरीज 7 पर्यंत असेल तर त्रास सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 ते 35 तीव्र. आठच्या पुढे गेलात तर डॉक्टरांकडे जावे, आणि हा कागद बरोबर न्यावा. बोलायला लाज वाटत असेल तर कागदच बोलेल.

एक सांगायला हवे. रात्री उठावे लागते ते दर वेळी प्रोस्टेटमुळेच असे नाही. मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, पायांवरची सूज, रक्तदाबासाठी घेतलेली लघवीची गोळी यांमुळेही तसे होते. म्हणून आधी तपासणी, मग औषध. शेजाऱ्याची गोळी आणून घेऊ नये.

डॉक्टर काय तपासतात?

लघवीची तपासणी, रक्तातली साखर आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, पोटाची सोनोग्राफी आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली याचे माप. लघवीच्या धारेचा वेग मोजण्याचे यंत्रही काही ठिकाणी असते. याखेरीज डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. या तपासणीला माणसे फार भितात. ती क्षणभराची असते. पण सालीकडच्या भागात एखादी टणक गाठ असेल तर ती बोटाला लागू शकते. जनावराच्या गाभणपणाची तपासणी कशी होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. स्वतःच्या बाबतीत एवढा संकोच कशाला?

औषधे आणि त्यांचे नेम

त्रास सौम्य असेल तर पुष्कळदा औषध लागतही नाही. सवयी बदलाव्या लागतात. दिवसभर पाणी नेहमीसारखे प्यावे, झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी करावे. संध्याकाळनंतर चहा टाळावा. एकदा लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. त्रासाच्या भीतीने भर उन्हात पाणी तोडणे तर अजिबात नको.

औषधे मुख्यतः दोन प्रकारची. टॅम्सुलोसिनसारखी औषधे नळीभोवतीचे स्नायू सैल करतात. थोड्याच दिवसांत धार सुधारते, पण ग्रंथी लहान होत नाही. ती घेणाऱ्याने अंथरुणातून एकदम उठू नये, रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी घेत होतो, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगावे. या औषधाने डोळ्याची बाहुली शस्त्रक्रियेत ढिली पडते. आधी माहीत असेल तर ते तशी तयारी ठेवतात.

फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ही दुसऱ्या प्रकारची औषधे ग्रंथीच लहान करतात, पण गुण यायला सुमारे सहा महिने लागतात. महिनाभरात सोडून दिली तर उपयोग नाही. काहींची कामेच्छा कमी होते, ती गोष्ट डॉक्टरांना मोकळेपणी सांगावी. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने फुटलेली गोळी हाताळू नये.

गोखरूचा काढा, धने-जिऱ्याचे पाणी, ओटीपोटावर बांधायची शेकलेली पळसफुले ही आपल्याकडची जुनी माहिती. काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. मात्र काढ्याच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका.

ऑपरेशन म्हणजे काय?

औषधाने भागत नसेल, लघवी पुन्हा पुन्हा अडत असेल, खडे झाले असतील किंवा मूत्रपिंडांवर ताण दिसत असेल तर ऑपरेशन लागते. याचा जुना इतिहास आपल्या देशाशीही जोडलेला आहे. पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन 1875 पासून वीसेक वर्षे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि मूतखड्याच्या शस्त्रक्रियांत त्यांनी इथे नाव मिळवले. लंडनला परतल्यावर 1901 साली त्यांनी पोटावरून मूत्राशय उघडून ग्रंथीची वाढ काढण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली.

आता बहुतेक ऑपरेशने दुर्बिणीने होतात. पोटावर टाका नसतो. कमरेखाली भूल देऊन लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालतात आणि नळी दाबणारा आतला भाग खरवडून किंवा लेसरने काढतात. लघवीची नळी बहुधा दोन-तीन दिवस राहते. पुढे काही आठवडे जड उचलणे आणि ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवणे टाळावे. या ऑपरेशननंतर पुष्कळांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीबरोबर निघून जाते. त्याने अपाय नाही, पण मूल होण्यास अडचण येते.

लक्षात ठेवायचे ते असे की, यात फोडी काढल्या, साल तशीच राहिली. ऑपरेशन झाले म्हणून कर्करोगाची तपासणी कायमची संपली, असे समजू नये.

कर्करोगाबद्दल

जगभरच्या पुरुषांत फुप्फुसाच्या खालोखाल प्रोस्टेटचा कर्करोग आढळतो. पुष्कळदा तो फार सावकाश वाढतो आणि वेळीच सापडला तर बरा होतो. पसरला तर बहुधा हाडांत जातो. साठीच्या पुढच्या माणसाची कंबर दुखू लागली की आपण उसाच्या मोळ्या, फवारणीचा पंप, जुने पडणे असली कारणे काढतो. बहुतेक वेळा ती खरीही असतात. पण दुखणे विश्रांतीने थांबत नाही, रात्री वाढते, वजनही उतरत चालले आहे, असे असेल तर तपासून घ्यावे.

रक्तातल्या ‘पीएसए’ या पदार्थाची तपासणी आता सर्वत्र होते. पण हा पदार्थ निरोगी ग्रंथीही तयार करते. साधी वाढ, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी यांनीही तो वाढतो, आणि फिनास्टेराइड घेणाऱ्यांत तो जवळपास निम्मा दिसतो. म्हणून आकडा वाढला की कर्करोग, असा हिशेब नाही. पन्नाशीनंतर, आणि वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल तर पंचेचाळिशीपासून, ही तपासणी करावी का, याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

तातडीने जावे अशा वेळा

लघवी एकदम बंद झाली, ओटीपोट फुगून कळा येत आहेत, तर वाट बघू नये. “भरपूर पाणी पी, जोरानं सुटेल,” हा सल्ला उलटा आहे. त्याने पिशवी आणखी ताणते. सरळ रुग्णालय गाठावे. नळी घातली की काही मिनिटांत आराम पडतो. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाची लघवी अशी अचानक अडू शकते, म्हणून दुकानातून गोळी घेताना हा त्रास सांगावा.

लघवीतून रक्त आले, मग एकदाच का येईना, तर तपासणी करावीच. तंबाखू-विडीवाल्यांनी तर विशेष. थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ असेल तर ती केवळ ‘उन्हाळी’ समजू नये. ग्रंथीला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तो तरुणांनाही होतो.

भगिनींना आमची एक विनंती आहे. रात्री घरातला माणूस किती वेळा उठतो, हे त्याच्याआधी तुम्हाला कळते. त्याने विषय काढला नाही तरी तुम्ही काढा. मुलांनी वडिलांबरोबर जावे. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून विचारावे.

शेवटी इतकेच. एकदा गळीत हंगाम सुरू झाला की तोड, टोळी, वाहन यांच्या धावपळीत कुणाला सवड नसते. मग “हंगाम संपल्यावर बघू” होते आणि पुढे “लागण झाल्यावर बघू”. तेव्हा वरचे सात प्रश्न आजच सोडवा. बेरीज आठच्या पुढे गेली तर येत्या बाजारच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा पहिले काम दवाखान्याचे करा, बाकीची मागून.